आडवी होणारी सीट

सोमवार, ५ जानेवारी

बसमध्ये लिहितोय. मोशीच्या पुढे कंपनीची बस जागची हलत नाही, त्यामुळे वेळच वेळ. आजूबाजूचे सगळे तोंडं उघडी टाकून झोपलेत. मला झोप नाही.

शनिवारी सुनंदाचा रिपोर्ट आला. कॅन्सर कण्यात उतरलाय. छातीतला पूर्ण गेला म्हणून ज्या डॉक्टरांना आम्ही पेढे नेऊन दिले होते, त्यांनीच सांगितलं. चांगला माणूस आहे, डोळ्यांत बघून बोलला. मीच खाली बघत होतो, टेबलावरच्या प्लास्टिकच्या कण्याकडे.

सु.ने एकच विचारलं, "मार्चपर्यंत टिकेन ना?"

मार्चमध्ये आमची लेक प्रज्ञा बाळंत होणार. टोरांटोत, पहिलंच. गर्भाची वार खाली आहे म्हणून तिकडच्या डॉक्टरांनी तिला घरातल्या घरात बसवलंय, विमान तर लांबच. म्हणजे पोरगी माहेरी येऊ शकत नाही. डॉ. म्हणाले, मार्चचं सांगू शकतो, त्यापुढचं आत्ता नको. सु.ने मान हलवली. नगरपालिकेच्या शाळेत आयुष्य घालवलेली बाई, उत्तर पुरेसं असलं की पुढचा प्रश्न विचारत नाही.

बाहेर रिक्षात बसल्यावर म्हणाली, "लेकीला माहेरी येता येत नसेल, तर माहेरानं उठून तिकडं जायचं. त्यात काय एवढं?"

बुधवार, ७ जानेवारी

डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, जाऊ दे तिला. पण बसून नाही. बसलं की सगळा भार त्याच मणक्यांवर. उड्डाणाला आणि उतरताना थोडा वेळ बसावं लागेल, तेवढं गोळी घेऊन निभेल. बाकी सगळा प्रवास आडवं. आणि जितक्या लवकर, तितकं बरं.

आडवं म्हणजे बिझनेस क्लास.

संध्याकाळी चिंचवडला एजंटकडे गेलो. कंपनीची तिकिटं हाच काढतो, मला ओळखतो. रेट ऐकला. साध्याच्या साडेचारपट, तेही एका माणसाचं. तिला एकटीला पुढं बसवून मी मागं बसलो तर? तर म्हणे पडद्यापलीकडं सोडत नाहीत, साहेब. तिला कूस बदलायला हात लागतो. मग दोघांचं.

तो सहज विचारतो, "मॅडमचं रिटर्नच काढू ना?"

काढ म्हटलं. परतीचं नसेल तर तिकडचे विमानतळावर विचारतील, असं स्वतःला सांगितलं.

व्हिसा मागच्या वेळचा आहे, तो चालतो. प्रज्ञाच्या लग्नाला गेलो होतो तेव्हाचा. तेव्हा दोघं साध्या क्लासमधून गेलो. पायाला मुंग्या येत होत्या आणि सु. सारखी हसत होती.

शुक्रवार, ९ जानेवारी

मी खरेदी विभागातला माणूस. नटबोल्टपासून पत्र्यापर्यंत आयुष्यभर एकच काम केलं. तीन कोटेशन मागवा, सर्वांत खालचं धरा, त्याला अजून खाली आणा. समोरचा रडायला लागला की समजायचं, आता खरा रेट आला. घरातला फ्रिजसुद्धा मी तीन कोटेशन घेऊनच आणला. सु. तेव्हा म्हणाली होती, बायको करताना किती घेतली होती?

आमचे जी.एम. दर दोन महिन्यांनी जर्मनीला जातात, बि. क्लासनं. कॅन्टीनमध्ये गाठलं. विचारलं, सर, ती सीट खरंच पूर्ण आडवी होते का?

"एकदम फ्लॅट, राव. जेवणबिवण सोड, ते आपलं नेहमीचंच. पण झोप लागते. माणूस उतरल्यावर माणसासारखा उतरतो. का रे, रिटायर होताना चैन करतोस काय?"

हो म्हटलं. दुसरं काय सांगणार.

जेवणाचं ताट तसंच ठेवून आलो.

रविवार, ११ जानेवारी

सु.शी बोललो. रेट सांगितला. सांगताना आवाज साधा ठेवला होता.

तिनं बोटांवर हिशोब केला. मग म्हणाली, "एवढ्या पैशात प्रज्ञाकडं तीन बायका ठेवता येतील बाळंतपणाला. एक स्वयंपाकाला, एक मालिशला, एक नुसती कौतुक करायला."

"तुला जायचंय की नाही?"

"जायचंय. बसून जाईन. वर्गात उभी राहून जन्म गेला, बसायला मिळतंय तर कोण नको म्हणेल?"

मी म्हटलं, डॉक्टर नाही म्हणालेत. ती म्हणाली, डॉक्टरांनी मला खुर्चीत बसलेलं कधी बघितलंय, त्यांच्याकडं तर मी पलंगावरच असते.

इथे माझ्या डोक्यात ते आलं. कंपनीत नवीन माल घ्यायचा तर आधी ट्रायल लॉट घेतो. थोडा माल मागवायचा, मशीनवर चालवून बघायचा, पास झाला तर ऑर्डर. मी म्हटलं, मग पुढच्या आठवड्यात ट्रायल घेऊ. रविवारी. तुला जमलं तर साधं तिकीट, नाही जमलं तर बि. क्लास.

तिला पटलं. लगेच पटलं. तेव्हाच कळायला हवं होतं मला.

[हे वाक्य नंतर लिहिलंय, २० तारखेला.]

रविवार, १८ जानेवारी

ट्रायल झाली.

एजंटकडून साध्या सीटची मापं घेतली होती. जेवणाच्या टेबलाची खुर्ची घेतली, पाठीला उशी. गुडघ्यापुढं तेवढंच अंतर ठेवून चपलांचं कपाट सरकवलं. दोन्ही बाजूला दोन खुर्च्या, एकीवर मी, एकीवर कमल. कमल म्हणजे सु.ची धाकटी बहीण, दापोडीहून सकाळीच बसनं आली. तिला हा सगळा वेडेपणा वाटत होता.

"दाजी, तुमी आक्काला विमानात बसवताय का जेलात?"

सु. मात्र रंगात. पदर खोचून बसली. म्हणाली, हवाईसुंदरी कुठाय? मी खांद्यावर नॅपकिन टाकून चहा दिला. ती म्हणाली, ही सुंदरी फार म्हातारी आहे, कंपनीला पत्र लिहिते. आम्ही तिघंही हसलो. या घरात एवढं हसू बऱ्याच दिवसांनी.

टीव्हीवर जुना सिनेमा लावला. सिनेमा संपला. तिनं उठून हॉलमध्ये चार फेऱ्या मारल्या, विमानात मारतात तशा, आणि परत येऊन बसली. जेवण मांडीवर. दुपार झाली. मी मधेमधे विचारत होतो, दुखतंय? "जरा अवघडलंय. सगळ्यांनाच अवघडतं." चेहऱ्यावर काही नाही. घाम आला होता कपाळावर, पण तिकडं दुपारचं ऊन येतं.

ऊन उतरल्यावर तीच म्हणाली, "उतरलो का टोरांटोला?"

मी कॅलेंडरवर रविवारच्या चौकटीत लिहिलं, पास.

सोमवार, १९ जानेवारी

बस. आज चाकणच्या चौकात अडकलोय, पण वैताग येत नाहीये. काल रात्री झोप लागली. एजंटला निरोप टाकला, साध्या क्लासमध्ये पुढं पाय पसरायला जागा असते त्या सीटचा रेट दे.

हलकं वाटतंय. खरंच हलकं. निवृत्तीनंतरचं जे थोडंफार बाजूला आहे, ते राहील. सु.च्या औषधांना लागेलच.

ती पण खुशीत असणार. सकाळी निघताना झोपलेली होती, उठवलं नाही.

मंगळवार, २० जानेवारी

रजा टाकली.

काल दिवसभर सु. उठू शकली नाही. मी संध्याकाळी आलो तर भिंतीकडं तोंड करून पडलेली. म्हणाली, थंडीनं आखडलंय. आज सकाळी बाथरूमला न्यायला हात धरला तर ओरडली. सु. कधी ओरडत नाही. प्रज्ञाच्या वेळीही ओरडली नव्हती असं तिची आई सांगायची.

डॉक्टरांना फोन. नवीन गोळी दिली, पडून राहायला सांगितलं. विचारलं, काही जड उचललं होतं का? मी ट्रायलचं सांगितलं.

मग कमलचा फोन. रडत होती.

"दाजी, मला आक्कानं शपथ घातली होती. रविवारी सकाळी तुमी दूध आणायला गेला ना, तवा तिनं त्या मोठ्या गोळ्या जास्तीच्या घेतल्या. दुपारी परत घेतली, फेऱ्या मारायला उठली तवा. मला म्हणाली, यांना सांगू नको. मी म्हटलं अगं असं कसं, तर म्हणाली, यांचा जीव अडकलाय त्या पैशात, सुटू दे."

फोन ठेवला. कॅलेंडरवर ते पास दिसत होतं. माझंच अक्षर.

मी चांगला खरेदीदार आहे. सप्लायरनं पॉलिश करून दिलेला माल मी हात लावून ओळखतो. स्वतःच्या बायकोच्या कपाळावरचा घाम मला उन्हाचा वाटला. वाटला नाही, वाटून घेतला.

गुरुवार, २२ जानेवारी

सु. आज बसती झाली. पलंगाला टेकून, थोडीच.

मी म्हटलं, असं का केलंस? चिडून म्हटलं. चिडायचा हक्क नव्हता, तरी.

"रेट सांगताना तुमचा चेहरा बघितला मी."

"काय होता चेहरा?"

"सप्लायरशी फोनवर बोलताना असतो तसा."

तीच पुढं म्हणाली, "अहो, मी जाणार. तुम्हाला राहायचंय. मी गेल्यावर तुम्ही कुणापुढं हात पसरलेले मला चालणार नाहीत. म्हणून केलं. उगाच त्याचं मोठं करू नका."

मी गेल्यावर. असं पहिल्यांदाच म्हणाली, भाजीला काय आणायचं हे सांगावं तशी.

मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. खाली सेक्टरच्या बागेत पोरं क्रिकेट खेळत होती. मला त्या पोरांचा, त्या बॉलचा, सगळ्याचा राग आला.

संध्याकाळी तिला सांगितलं, बि. क्लास. दोघांचं. आता चर्चा नाही.

ती म्हणाली, "बरं." मग थोड्या वेळानं, "तिथं पांघरूण देतात का?"

शनिवार, २४ जानेवारी

चिंचवड. एजंट. चेकबुक बरोबर घेऊन गेलो होतो, म्हणजे ठरवूनच.

गुरुवार ५ फेब्रुवारीचं मिळत होतं. पुण्याहून दिल्ली, दिल्लीहून थेट. दोन सीट शेजारी शेजारी. तो टाइप करायला लागला आणि माझ्या तोंडून निघालं, "काही कमी होतंय का बघ."

काय सांगू, ठरवून नाही म्हटलं. शिंक यावी तसं आलं.

तो म्हणाला, "साहेब, तिकिटात कमी काय करणार? तारीख बदलून बघतो." बघितलं. १२ तारखेला बरंच खाली. बरंच म्हणजे एका साध्या तिकिटाएवढं वाचत होतं.

घरी फोन केला. सु.ला विचारलं, एक आठवडा पुढं चालेल? ती म्हणाली, चालेल की, प्रज्ञाचं मार्चमध्ये आहे, तेवढ्यात लाडू तरी नीट होतील. मदतीला आलेली कमल मागून ओरडली, "घ्या दाजी, आठवड्यानं काय फरक पडतोय!"

१२ घेतली.

घरी येताना निगडीच्या स्टँडवर उतरलो तेव्हा चांगलं वाटत होतं. तिला आडवी नेणार, आणि रेटही पाडला. दोन्ही केलं. सु.ला सांगितलं तर म्हणाली, "आता कसे माझे नवरे वाटता."

गुरुवार, २९ जानेवारी

घरात डिंकाचा वास. कमल तळतेय, सु. पलंगावरून हुकूम सोडतेय. "गॅस बारीक कर. अगं फुलू दे ना त्याला. काळा केलास तर तिकडं पाठवणार नाही, दापोडीत वाट सगळ्यांना."

वजन करून बॅगा भरल्या. अळीव, बाळंतशेपा, ओवा, सु.च्या जुन्या मऊ साड्यांची दुपटी. दुपट्यांच्या कडा ती पडल्या पडल्या शिवते. हात थकला की पोटावर ठेवते, परत घेते.

विमान कंपनीचा मेडिकल फॉर्म आहे. डॉक्टर प्रवासाच्या दोन-तीन दिवस आधी तपासून सही देणार. म्हणाले, आडवं जाताय ना, मग हरकत नसावी.

प्र.चा व्हिडिओ कॉल. पोट दाखवलं. सु.नं मोबाइलच्या काचेवरून बोट फिरवलं. प्र. म्हणाली, आई, गुदगुल्या होतात. मला तिथून उठावं लागलं.

दोन वर्षांत पहिल्यांदा असं झालं, की पुढच्या आठवड्याची वाट बघतोय. ही वाट बघायची सवय मोडली होती.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

सु.चा आज चांगला दिवस. एवढा चांगला की भीती वाटावी. सकाळी माझा हात धरून लिफ्टनं खाली, बागेत बाकापर्यंत. शेजारच्या बाईंना सांगत होती, पुढच्या गुरुवारी निघतोय. त्यांनी विचारलं, एवढा लांबचा प्रवास झेपेल? सु. म्हणाली, "मी कुठं प्रवास करतेय, मी झोपायला चाललेय. जाग येईल तेव्हा लेकीच्या दारात."

दोन भाकरी खाल्ल्या. पिठलं मागून घेतलं.

दुपारी कंपनीत असताना सहज मनात आलं, आज निघालो असतो. आत्ता दिल्लीत असतो. नंतर मीटिंग होती, विसरलो.

रविवार, ८ फेब्रुवारी

सकाळी सु. म्हणाली, पायाला मुंग्या आल्यात. मी चोळले. ती म्हणाली, चोळताय का?

मी दोन्ही हातांनी चोळत होतो.

उभी करायला गेलो. पाय होते, पण तिचे नव्हते. खाली बसलो तिला घेऊन, फरशीवरच. कमलला फोन, अँब्युलन्स. जाताना ती सारखी एकच विचारत होती, फॉर्मवर सही उद्या आहे ना? उद्या आहे ना हो?

दवाखान्यातून लिहितोय. एमआरआय झाला. मणका खचून नसेवर दाब आलाय. रेडिएशन आजपासूनच.

सोमवार, ९ फेब्रुवारी

डॉक्टरांनी सही दिली नाही. फॉर्म मी पुढं केलाच होता. निर्लज्जासारखा केला. त्यांनी तो घेतला, घडी घातली आणि मला परत दिला.

"स्ट्रेचरवर?" मी विचारलं. "बि. क्लास आहे, पूर्ण आडवं होतं."

"आता प्रश्न सीटचा नाहीये."

मी विचारू नये ते विचारलं. म्हटलं, गेल्या गुरुवारी निघालो असतो तर?

ते म्हणाले, कदाचित पोहोचला असता. कदाचित हेच तिकडं झालं असतं, परक्या देशात, विमा नसताना. असा विचार करू नका.

कदाचित पोहोचला असता. बाकीचं मी ऐकलंच नाही. चालत्या पायांनी लेकीच्या दारात उभी राहिली असती. ते कौतुक मी विकलं. चांगल्या रेटला विकलं.

प्र.ला सांगितलं. ती म्हणाली, "पप्पा, मी येते. मी काही झालं तरी येते." सु.नं माझ्या हातातून फोन घेतला. एवढा बारीक झालेला आवाज, पण वर्गातलाच. "तू जागची हलायचं नाहीस. ऐकतेस का? हललीस तर माझ्याशी बोलू नकोस." फोन बंद केल्यावर तोंडावर साडी ओढून घेतली. मी साडी बाजूला केली नाही.

मंगळवार, १० फेब्रुवारी

कमलला म्हटलं, मीच मारली तिला. ती म्हणाली, "दाजी, गप बसा. मीच म्हटलं ना आठवड्यानं काय फरक पडतोय? मग मला पण धरा. आक्का पण हो म्हटली, तिला पण धरा. कशाला एकट्यानं सगळं लाटताय?"

चांगलं बोलली. उपयोग काही नाही. त्यांनी आठवडा ऐकला. मी रेट ऐकला.

कंपनीतून माझ्या हाताखालच्या पोराचा फोन, पत्र्याच्या सप्लायरनं रेट वाढवून मागितलाय. देऊन टाक म्हटलं. त्यानं परत विचारलं. सर, सगळा? सगळा.

बुधवार, ११ फेब्रुवारी

सु. आज शुद्धीत, स्वच्छ. पाय तसेच. रेडिएशनला नेताना वॉर्डबॉयला सांगत होती, हळू रे बाबा, खालचा माल दुसऱ्याचा आहे.

दुपारी एजंटचा फोन. बिचारा चाचरत बोलत होता. "साहेब, मॅडमचं कळलं. उद्याचं आहे, म्हणून विचारतो. एक कॅन्सल की दोन्ही? तुमचं पुढं ढकलायचं असेल तर महिनाअखेरची तारीख मिळतेय. पण आज सहापर्यंत सांगावं लागेल."

दोन्ही, असं म्हणणार होतो. सु.चे डोळे मिटलेले होते, पण ऐकत होती. हात वर केला, थांबा म्हणून. मी त्याला म्हटलं, करतो फोन.

"महिनाअखेरचं घ्या," म्हणाली. "तुमचं. तुम्ही जा."

"वेडी आहेस का?"

"आपल्यापैकी एक तरी तिच्या दारात पाहिजे. जावई पोरगा चांगला आहे, पण घाबरट. बाळाचं डोकं कसं धरायचं ते तुम्हाला येतं. प्रज्ञाला पहिली आंघोळ तुम्हीच घातली होती, माझे टाके ओले होते तेव्हा. लाडू न्या. दुपटी न्या. इथं कमल आहे."

"आणि तू?"

"मी इथंच आहे. मी कुठं चाललेय?"

मी म्हटलं, तुला सोडून मी जाणार नाही. ती म्हणाली, मग तिला सोडताय. काय करायचं ते करा, पण कुणालाच सोडत नाही असं मनाला समजावू नका.

मी खिडकीबाहेर बघत बसलो. नंतर काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, गेलोच तर साध्या क्लासनं जाईन. मला आडवं कशाला लागतंय?

तर चिडली. खरोखर चिडली, उशीवरून मान उचलून.

"नाही. त्याच सीटवर जायचं. पांघरूण देतात का ते बघायचं. झोप लागते का बघायची. एवढे पैसे घालून खरंच काही वसूल होतं का, ते मला आल्यावर सांगायचं. नीट, सगळं."

आल्यावर.

तिनं डोळे मिटले. माझं बोट धरलंय, त्यामुळे डाव्या हातानं लिहितोय, अक्षर वेडंवाकडं येतंय.

पावणेसहा झालेत. फोन मांडीवर आहे.